बिनविरोधचं बक्षीस आणि घरपट्टीची पावती

२०२१ च्या जानेवारीत ज्या ग्रामपंचायती निवडून आल्या त्यांची पाच वर्षं २०२६ च्या सुरुवातीला संपतात, आणि मुदत संपत आली की गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जो वाद ठरलेला असतो तो यावेळीही आहेच. एक गट म्हणतो बिनविरोध करून टाका राव, कशाला भांडणं, कशाला खर्च, वरून निधी पण मिळेल. दुसरा गट लगेच संविधान काढतो, लोकशाहीचा खून, मतदान हा आमचा हक्क वगैरे, आणि पाचव्या-सहाव्या मेसेजला दोन्ही गट एकमेकांच्या चुलत्यांवर घसरतात. मला खरं सांगायचं तर दोन्हीकडचा कंटाळा आलाय, कारण दोघांनाही एक प्रश्न पडतच नाही, तो म्हणजे ग्रामपंचायत चालते कोणाच्या पैशावर. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बिनविरोध निवडणुकीला निधीचं बक्षीस द्यायची पद्धत बंदच व्हायला पाहिजे, पण नुसतं मतदान घेतलं म्हणून कारभार सुधारेल असंही नाही. गावच्या खर्चातला डोळ्यात भरेल एवढा हिस्सा जोपर्यंत गावकऱ्यांच्या स्वतःच्या खिशातून, म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टीतून येत नाही, तोपर्यंत सरपंच बिनविरोध झाला काय आणि शंभर मतांनी निवडून आला काय, तो गावाकडे पाठ आणि आमदाराकडे तोंड करूनच बसणार.

आता बिनविरोधवाल्यांचं म्हणणं नीट ऐकून घेऊ, कारण त्यात तथ्य आहे आणि शहरात बसून त्यावर हसणं फार सोपं आहे. ग्रामपंचायतीचा वॉर्ड असतो केवढा? तीन-चारशे मतं, कधी त्याहून कमी. तिथे कोणी कोणाला मत दिलं हे मोजणीनंतर तासाभरात सगळ्यांना कळतं, निदान कळल्यासारखं वाटतं, आणि मग पाच वर्षं सामाईक विहिरीच्या पाळीवरून, बांधावरून, शेतात जायच्या वाटेवरून तो राग निघत राहतो. विधानसभेला पडलेला उमेदवार मुंबईला निघून जातो, पण ग्रामपंचायतीला पडलेला चुलतभाऊ रोज सकाळी डेअरीवर दुधाचं कॅन घेऊन समोर उभा असतो. खर्चाचंही तसंच. २०२१ च्या निवडणुकीला सात-नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत उमेदवाराला खर्चाची मर्यादा होती २५ हजार आणि पंधरा-सतरा सदस्यांच्या गावात ५० हजार, आणि या मर्यादेत किती जण राहिले असतील हे ढाब्यावाल्यांना विचारा. लोकांनी त्यासाठी सोनं गहाण टाकलंय, जमिनी विकल्यात. मग त्यापेक्षा चार शहाणे बसले, देवळात बैठक झाली, नावं ठरली, नारळ फुटला, यात वाईट काय? शिवाय उदाहरण म्हणून नगर जिल्ह्यातलं आदर्श गाव हिवरे बाजार आहेच, सरपंच पोपटराव पवारांनी १९८९ पासून गाव हातात घेतलं, वर्षानुवर्षं निवडणूक बिनविरोध आणि गाव जगाला दाखवण्यासारखं.

पण हिवरे बाजारचं उदाहरण देणारे पुढचं सांगत नाहीत. २०२१ ला तिथे समोर विरोधी उमेदवार उभे राहिले, तीन दशकांनंतर गावात मतदान झालं, आणि पोपटरावांच्या पॅनलने सातच्या सात जागा जिंकल्या. म्हणजे काय झालं? गाव फुटलं का? पाण्याचा ताळेबंद मांडायचं बंद झालं का? उलट इतकी वर्षं जी संमती गृहीत धरली होती ती मोजून मिळाली. चांगलं काम केलेल्या माणसाला मतदानाची भीती बाळगायचं काही कारण नसतं हे त्या गावाने दाखवून दिलं, आणि आपण मात्र अजून त्यालाच बिनविरोधचा पुरावा म्हणून फिरवतोय. आणि हे विसरू नका की हिवरे बाजार आधी सुधारलं, म्हणजे कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, पाणलोटाची कामं यावर लोक ग्रामसभेत बसून बोलले आणि त्यातून एकी आली. बाकीच्या गावांत क्रम उलटा करायचा असतो, आधी एकी जाहीर करायची आणि काम नंतर बघू.

त्यातून ही जी एकी असते ती कोणाची? देवळातल्या बैठकीला कोण बसतं, कोण पायरीवर उभं राहतं आणि कोणाला निरोपसुद्धा जात नाही हे ज्याने गाव बघितलंय त्याला सांगायची गरज नाही. १९३२ साली मुंबईच्या कायदेमंडळात ग्रामपंचायतीचं बिल आलं तेव्हा बाबासाहेबांनी नेमकं इथेच बोट ठेवलं होतं, अस्पृश्यांना पंचायतीत स्वतंत्र प्रतिनिधित्व मिळणार नसेल तर गावाच्या हातात सत्ता देणं म्हणजे ज्यांच्याकडे ती आधीच आहे त्यांच्याच हातात देणं. आज राखीव जागा आहेत, महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, पण बिनविरोध ठरवताना राखीव जागेवर कोणतं नाव टाकायचं हे ठरवणारी मंडळी राखीव गटातली असतात का? ‘आपल्या ऐकण्यातला’ बघून देतात. मतदान झालं तर निदान त्या वस्तीतली दोन नावं एकमेकांसमोर उभी राहतात आणि गावातल्या पुढाऱ्याला मत मागायला त्या वस्तीत पायी जावं लागतं, गटारीच्या वासातून, आणि ते एकदा तरी जाणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

बक्षिसाचं बघू. २०२० च्या डिसेंबरात पारनेरचे तेव्हाचे आमदार निलेश लंके यांनी जाहीर केलं की तालुक्यात जी ग्रामपंचायत बिनविरोध होईल तिला २५ लाखांचा निधी, आणि बघता बघता इतर तालुक्यांतूनही असल्या घोषणा यायला लागल्या. गुजरातेत तर ‘समरस गाव’ नावाची सरकारी योजनाच आहे २००१ पासून, बिनविरोध करा आणि अनुदान घ्या. हेतू चांगला असेल, मी शंका घेत नाही. पण जरा थंड डोक्याने विचार करा की हा पैसा कोणाचा? आमदार निधी, जो आता वर्षाला ५ कोटी आहे, तो काय आमदाराच्या शेतातला कांदा विकून आलेला नाही, तो जनतेचा पैसा आहे आणि रस्त्याची, पाण्याची, शाळेच्या खोलीची गरज कुठे जास्त आहे ते बघून वाटायचा आहे. मग ज्या गावात दोन माणसांनी सरळ कायद्याने दिलेला अर्ज भरला त्या गावच्या पोरांनी गळक्या वर्गात का बसायचं? अर्ज भरणाऱ्या माणसावर अख्खं गाव तुटून पडतं, ‘तुझ्या एकट्यामुळे २५ लाख गेले’ म्हणून, आणि माघारीच्या दिवशी दुपारी तीनच्या आत त्याला उचलून तहसीलला नेतात, हे आपण हसत हसत सांगतो पण हा दबाव आहे आणि तो सरकारी पैशाने टाकलेला आहे.

आणि ही गोष्ट ओघाने कुठे जाते तेही बघितलंय आपण. त्याच २०२१ च्या निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदाची बोली लागली, २ कोटी ५ लाखांना, देवळाच्या बांधकामासाठी. नंदुरबारमध्ये खोंडामळीत ४२ लाख. व्हिडिओ फिरले, राज्य निवडणूक आयोगाने दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. त्यावरही लोक वाद घालतात की पैसा देवाला गेला ना, कोणाच्या खिशात तर गेला नाही, आणि लपूनछपून पाकिटं वाटण्यापेक्षा हे निदान चारचौघात झालं. मान्य, उघडपणाचं कौतुक करू. पण मग मला एवढंच सांगा, त्या वेळी सरपंचाचं मानधन होतं महिन्याला ३ ते ५ हजार, लोकसंख्येप्रमाणे; (२०२४ ला ते दुप्पट केलं तरी ६ ते १० हजारच). पाच वर्षांचं सगळं मानधन धरलं तरी तीन लाखांच्या पुढे जात नाही. त्या खुर्चीला कोणी दोन कोटी का देईल? भक्तीपोटी द्यायचे तर खुर्ची न मागताही देता येतात, पावती फाडून मिळते देवस्थानात. म्हणजे खुर्चीतून जे येतं ते मानधनातून येत नाही, ते येतं खुर्चीतून वाहणाऱ्या पैशातून, आणि तो पैसा गावाने दिलेला नसतो म्हणून गाव त्याच्याकडे बघत नाही.

इथे मला आकडे दाखवायचेत, कंटाळा करू नका. रिझर्व्ह बँकेने २०२४ च्या जानेवारीत देशभरातल्या पंचायतींच्या पैशावर एक अहवाल काढला. २०२२-२३ साली सरासरी एका पंचायतीला स्वतःच्या करातून मिळाले २१ हजार रुपये. वर्षाला, बरं का. करेतर म्हणजे फी, भाडं वगैरेतून ७३ हजार. आणि केंद्राकडून आले साधारण १७ लाख, राज्याकडून सव्वातीन लाख. ही देशाची सरासरी आहे, पण गावाचा संसार कुठून चालतो ते कळायला पुरेशी आहे. त्यातही १५ व्या वित्त आयोगाचा जो पैसा २०२१ ते २०२६ साठी आला त्यातला ६० टक्के ‘बंधित’, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा, उरलेला ४० टक्के अबंधित, त्याचाही आराखडा ‘आमचा गाव आमचा विकास’ म्हणून पोर्टलवर चढवायचा. आराखडा कोण बनवतं? कागदावर ग्रामसभा. प्रत्यक्षात ग्रामसभेची वही दुसऱ्या दिवशी शिपाई घरोघर घेऊन फिरतो आणि आपण उंबऱ्यात उभं राहून सही करतो, काय ठराव झाला हे न वाचता, कारण दूध उतू जात असतं. पेमेंटला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते, (ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, असो) आणि कित्येक ठिकाणी महिला सरपंचाच्या सहीचं ते पेनड्राइव्हसारखं डोंगल एकतर नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात असतं नाहीतर ऑपरेटरच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. आता मला सांगा, या माणसाला निवडून दिलं किंवा नेमलं, ठरवायला त्याच्या हातात आहे काय? पैसा वरचा, अटी वरच्या, कामाची यादी वरची, मग निवडणूक कशासाठी होते तर वरच्या पैशाचं टोक कोणाच्या हातात राहील यासाठी होते. म्हणून प्रचारात कोणी म्हणत नाही की मी गावाचा हिशोब फळ्यावर लावीन, सगळे म्हणतात माझी साहेबांशी ओळख आहे, मी निधी आणीन.

याची गंमत बघायची असेल तर उमेदवारी अर्जांच्या आठवड्यात ग्रामपंचायत ऑफिसला जाऊन बसा. कायद्याने थकबाकीदाराला उभं राहता येत नाही, त्यामुळे ज्यांनी कधी घरपट्टीची पावती बघितली नाही अशी मातब्बर मंडळी त्या आठवड्यात रांगेत असतात. पाच-पाच, सात-सात वर्षांची बाकी, वडिलांच्या नावावरची, भावाच्या नावावरची, सगळी रोख. क्लार्क नमुना ९ चं, म्हणजे कोणाकडे किती पट्टी येणं आहे त्याचं, रजिस्टर उघडून बोट फिरवत बसतो, एखादा ‘अरे एवढी कशी’ म्हणून चढ्या आवाजात बोलतो, मग नाही हो करता भरतो कारण दाखला पाहिजे असतो. आणि अर्ज छाननीत पास झाला की पुढची पाच वर्षं परत कोणी फिरकत नाही, दिवाळीच्या आधी वसुलीला माणूस आला तर म्हणतात आधी दिवाबत्तीचं बघा मग पट्टीचं. नमुना ८ चा, म्हणजे घराच्या नोंदीचा, उतारा बँकेला हवा असेल तर भरतात, नाहीतर नाही. मी हे हसण्यावारी सांगतोय पण बघा यातून काय दिसतं: लोकांना पट्टी परवडत नाही असं नाहीये, परवडते, फक्त ती भरायचं कारण त्यांना एकच दिसतं आणि ते म्हणजे स्वतःचा कागद अडणं.

हे काय आजचंच आहे का आणि गावापुरतंच आहे का, तर नाही. मुंबईचंच घ्या. १८६५ च्या कायद्याने आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर झाला, माणूस कामाचा, रस्ते केले, गटारं केली, ते मार्केट बांधलं ज्याला लोक अजून त्याच्या नावाने ओळखतात, पण पैसा पाण्यासारखा ओतला आणि कर वाढले. तेव्हा १८७१ ला करदाते उठले. आमचा पैसा कुठे गेला, हिशोब दाखवा, आणि आमची माणसं आत बसवा. गंमत म्हणजे तरुण फिरोजशहा मेहता क्रॉफर्डच्या कामाची बाजू घेत होते, पण त्यांचंही म्हणणं होतं की कारभार एका कर्तबगार अधिकाऱ्याकडे असू द्या आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला करदात्यांनी निवडलेले लोक असू द्या. त्या गदारोळातून १८७२ चा कायदा आला आणि पालिकेतले निम्मे सभासद करदात्यांनी निवडायचे असं ठरलं. म्हणजे आपल्याकडची स्थानिक निवडणूक ही लॉर्ड रिपनने १८८२ ला ताटात वाढून दिली असं जे शाळेत शिकवतात त्याच्या दहा वर्षं आधी मुंबईत ती कराच्या पावतीतून भांडून मिळवलेली आहे.

आता हेच मुंबई शहर दीडशे वर्षांनी. ७ मार्च २०२२ ला पालिकेची मुदत संपली, ओबीसी आरक्षणाच्या आणि प्रभागरचनेच्या कोर्टकज्जात निवडणूक अडकली, प्रशासक बसला, आणि मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ ला. औरंगाबाद, नवी मुंबईत तर २०२० पासून नगरसेवक नव्हते. राज्यघटनेच्या २४३-ई आणि २४३-यू कलमांत पाच वर्षं संपायच्या आत निवडणूक घ्या असं स्वच्छ लिहिलेलं असताना हे झालं, आणि सुप्रीम कोर्टाने ६ मे २०२५ ला कान पिळला तेव्हा कुठे चक्र फिरलं. या काळात मुंबईचं २०२५-२६ चं ७४ हजार ४२७ कोटींचं बजेट अधिकाऱ्यांनीच मांडलं आणि प्रशासक म्हणून बसलेल्या अधिकाऱ्यानेच मंजूर केलं. १८७१ सारखा कुठे गदारोळ ऐकलात? खड्ड्यांवर मीम आली, ट्रेनमध्ये चर्चा झाली, पण ‘आमची निवडणूक घ्या’ म्हणून आझाद मैदानावर लाखो मुंबईकर आलेत असं काही घडलं नाही. का? मुंबईकर निगरगट्ट झालाय म्हणून? मला वाटतं कारण साधं आहे. जकात हा पालिकेचा सगळ्यात मोठा कर, तो १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तसा गेला आणि त्याबदली राज्य सरकारकडून भरपाईचा चेक यायला लागला. २०२२ च्या जानेवारीपासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. जकात तशीही ग्राहकाला दिसत नव्हती म्हणा. पण एकूण काय, लाखो घरांमध्ये पालिकेचं म्हणून जे एक बिल यायचं तेही यायचं बंद झालं. करमाफीला विरोध करायची एका पक्षाची छाती झाली नाही, टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या, आणि बरोबर त्याच वर्षी पालिकेतली निवडून आलेली माणसंही गेली, तर कोणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही, निवडणूक कोर्टामुळे अडली. पण लोक गप्प का बसले याचं उत्तर मला त्या माफीत दिसतं.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला हा की १८७२ चं मत हे पैसेवाल्याचं मत होतं, बऱ्यापैकी कर भरणाऱ्यालाच ते मिळायचं, मग तुम्हाला काय परत तेच आणायचंय, जो भरेल त्यालाच आवाज? अजिबात नाही. मत प्रौढ माणसाला आहे, पावती बघून नाही, आणि त्याला हात लावायची भाषा कोणी केली तर मी पहिला विरोध करीन. शिवाय इतिहासात उलटी उदाहरणंही आहेत. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेत होते ते सरकारने नेमलेले सभासद म्हणून, आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिटन येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्च करायचं ठरलं तेव्हा बत्तीस जणांत त्यांनी एकट्याने विरोध केला की हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर घाला. निवडून न येताही प्रश्न विचारता येतो हे खरंच. पण बत्तीसात एक! फुले काही दर वॉर्डात जन्माला येत नाहीत, बाकीच्या एकतीस जणांकडून हिशोब मागायची सोय करायची म्हणून तर निवडणूक लागते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. लोक म्हणतात, वरचा पैसा म्हणजे भीक आहे का? शेतमजूर बाई बिस्किटाचा पुडा घेते त्यावरही जीएसटी देते, डिझेलवर देते, मग तोच पैसा वित्त आयोगातून गावाला परत आला तर तो गावाचाच नाही का, परत घरपट्टी कशाला वाढवता. शंभर टक्के बरोबर. वित्त आयोगाचा पैसा हा हक्काचा आहे आणि म्हणूनच तो सूत्राने, लोकसंख्येने, कोणाच्या मेहेरबानीशिवाय यायला पाहिजे. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांवर प्रशासक बसल्यावर त्यांच्या वाट्याचा पैसा अडकला तो याच अटीमुळे की संस्था निवडून आलेली हवी, आणि ती अट मला योग्यच वाटते, निवडणूक न घेणाऱ्या राज्याला काहीतरी चटका बसलाच पाहिजे, फक्त तो चटका बसला गावांना हे वाईट. पण बिस्किटावरचा जीएसटी दिल्लीला जाऊन परत येईपर्यंत त्या बाईला तो आपला पैसा म्हणून ओळखू येतो का? गटारीचं काम निकृष्ट झालं तर ती म्हणते ‘सरकारचा पैसा खाल्ला’. सरकारचा! तिच्या हातात ३०० रुपयांची पावती असती तर ती म्हणाली असती माझे तीनशे कुठे गेले. आणि गरिबाला झेपणार नाही म्हणाल तर घरपट्टीची आकारणी २०१५ पासून इमारतीच्या भांडवली मूल्यावर आहे, मातीच्या घराला आणि स्लॅबच्या दुमजली बंगल्याला सारखी पट्टी नसते. गावात जास्तीत जास्त बाकी कोणाची असते ते एकदा रजिस्टर उघडून बघा, पत्र्याच्या घरांची क्वचितच असते.

एमआयडीसीच्या आजूबाजूच्या गावांचं उदाहरणही मला कोणीतरी तोंडावर मारेलच, की तिथे ग्रामपंचायतींचं स्वतःचं उत्पन्न भरपूर आणि तिथल्याच निवडणुका सगळ्यात महाग आणि सगळ्यात घाण. हे मान्य करावंच लागेल. पण तिथे पट्टी भरतं कोण? कंपनी. कंपनीला मत नाही आणि मतदाराला पट्टी नाही, म्हणजे तो पैसाही मतदाराच्या दृष्टीने वरूनच आलेला, फक्त दिल्लीऐवजी कंपनीच्या गेटमधून. तिथली भांडणं हिशोबाची नसतात, लेबर कॉन्ट्रॅक्ट आणि भंगार कोणाला मिळणार याची असतात. त्यामुळे ‘स्वनिधी वाढवा’ एवढंच म्हणून चालत नाही, तो किती घरांतून येतो हे बघायला पाहिजे.

संभाजीनगरजवळचं पाटोदा याबाबतीत बघण्यासारखं आहे. भास्करराव पेरे पाटलांनी तिथे सरपंच असताना साधा हिशोब लावला, पट्टी पूर्ण भरा आणि वर्षभर दळण फुकट. पिठाची गिरणी! बाईला रोज कळतं की पट्टी भरल्याचं काय मिळालं आणि न भरलेल्याला रोज चार लोकांत कळतं की आपण भरली नाही. वसुलीला दंडुका लागला नाही. आता बिनविरोधवाले म्हणतील की एवढं करून काय मिळालं, २०२१ ला पेरे पाटलांच्या मुलीचाच पराभव झाला, गाव कृतघ्न निघालं. त्या निकालानंतर टीव्हीवर सगळ्यांनी असाच सूर लावला होता. मला तर तो निकाल त्या गावाच्या तब्येतीचा पुरावा वाटतो. जे गाव स्वतः पैसे भरतं ते गाव उपकाराच्या ओझ्याखाली मत देत नाही, त्यांना बदल करावासा वाटला त्यांनी केला, चूक की बरोबर ते त्यांचं त्यांना ठाऊक.

सरपंच थेट जनतेतून की सदस्यांतून, हा दुसरा आवडता वाद. २०१७ ला थेट केला, २०२० ला रद्द केला, २०२२ ला परत थेट, सरकार बदललं की पद्धत बदलते, आणि प्रत्येक वेळी ग्रामीण लोकशाहीचं भलं हेच कारण. यावर मी जास्त शब्द घालवत नाही. तिजोरी जर वरूनच भरायची असेल तर किल्ली कोणत्या पद्धतीने सोपवली याने फार फरक पडत नाही.

मग करायचं काय? आमदार निधी असो की राज्याची कोणती योजना, बिनविरोध झाल्याबद्दल एक रुपया द्यायला बंदी, आणि तशी घोषणा निवडणूक जाहीर होण्याआधी केली तरी ती प्रलोभन समजायची. जो पैसा असल्या बक्षिसांवर जातो तो सापेक्ष अनुदान म्हणून द्या, म्हणजे गावाने स्वतःच्या पट्टीतून जेवढे गोळा केले तेवढेच राज्याने घालायचे, आणि गरीब गावाला दुप्पट घालायचे, आदिवासी पाड्याला तिप्पट, म्हणजे ज्याची ऐपत कमी त्याच्या दहा रुपयांना जास्त किंमत. हा पैसा पूर्ण अबंधित, गाव ठरवेल तिथे जाईल, चुकला तर गाव चुकेल. आणि मोजायचं रकमेने नाही, किती घरांनी भरली यावर, नाहीतर एका कंपनीच्या चेकवर गाव पहिलं येईल. नमुना ९ मधली थकबाकीदारांची यादी वर्षातून एकदा ऑफिसच्या भिंतीवर लावा, त्यात पहिली नावं आजी-माजी पदाधिकाऱ्यांची. थकबाकीच्या व्याजात सूट देणाऱ्या अभय योजना निवडणुकीच्या वर्षात काढायच्या नाहीत, कारण दर वेळी प्रामाणिकपणे भरणारा त्यात मूर्ख ठरतो.

हे ऐकून एक ओळखीचे माजी सरपंच मला म्हणाले, ‘पट्टी वसूल करीन असं म्हणून कोण निवडून येणार भाऊ, डिपॉझिट जाईल.’ असेलही. पण त्यांच्याच गावात जत्रेची वर्गणी घरटी पाचशे रुपये गोळा होते, न चुकता, आणि जत्रा संपली की तिसऱ्या दिवशी पारावर खर्चाचा कागद वाचून दाखवावा लागतो, तमाशाच्या सुपारीपासून मांडवाच्या बांबूंपर्यंत, आणि मागच्या वर्षी आइस्क्रीमवाल्याच्या जागाभाड्याचे आठशे रुपये कागदात दिसत नाहीत म्हणून दोन तास गोंधळ झाला. तेच लोक, तोच पार. ग्रामपंचायतीच्या अठरा लाखांचा कागद तिथे आजवर कोणी वाचून दाखवलेला नाही आणि कोणी मागितलेलाही नाही.